हवालदाराच्या पुड्या

४ नोव्हेंबर

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. लेकीला डॉक्टरांनी खाटेवरून उतरायची मनाई केली आहे. सातवा महिना लागलाय आणि रक्तदाब चढलाय. जावई सकाळी सातला छापखान्यात जातात ते दिवेलागणीला परत, त्यामुळे सगळं घर माझ्या गळ्यात. तीन महिने तरी हलता येणार नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस. पत्र बरं, निदान दोनदा वाचावं लागतं.

तू माझ्या घरी राहायला आलास म्हणून मी इकडे येऊ शकले, हे आधी लिहिते, नाहीतर नंतर राहून जाईल. आता हवालदाराविषयी. मासा बिनमिठाचा उकडून, काटे काढून. पाणी रोज बदलून. ह्यांचं घड्याळाच्या दुकानातून घरी आणलेलं टेबल जागचं हलवू नकोस. त्याच्याच खणात तो मुठीएवढा सापडला होता, आणि नऊ वर्षांचा बोका झाला तरी झोपायला त्या खणाखालीच जातो. संध्याकाळी घरातल्या सगळ्या खिडक्यांवरून एक फेरी मारतो, तेव्हा मध्ये पाय घालू नकोस. ड्युटीवर असतो. नाव ह्यांनी उगाच नाही ठेवलं.

खालच्या शिंपीणबाईंशी जपून. हवालदार त्यांच्या कापडावर जाऊन बसतो आणि त्या मागे एकदा म्हणाल्या होत्या की उंदराचं औषध घालीन. बाई तोंडाने फटकळ आहे. मी अजून विसरलेले नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता घड्याळाखाली ठेवलाय. पुलापलीकडे, पिठाच्या गिरणीशेजारी. काही झालं तर तडक तिकडे जायचं. आणि दादा, हात जोडून सांगते, तुझा दवाखाना त्याच्यावर चालवू नकोस. चाळीस वर्षं तू डॉक्टरांकडे कंपाउंडर होतास, ते गेल्यावरही गल्ली तुझ्याच खोलीवर औषधाला येते, सगळं मान्य. पण हवालदार तुझं गिऱ्हाईक नाही. हे गेल्यापासून त्या घरात माझ्याखेरीज श्वास घेणारं तेवढंच एक आहे.

लोभ आहेच. तो टिकावा इतपत पत्रं लिहीत जा.

तुझी,
बेबी


११ नोव्हेंबर

चि. बेबीस,
अ. उ. आ.

साठी उलटली तरी तुझी हुकूम सोडायची खोड जात नाही. एवढ्या सूचना मला आमच्या डॉक्टरांनीही कधी दिल्या नव्हत्या. मासा बिनमिठाचा चालू आहे. काटे काढता काढता माझ्या जेवणाची वेळ टळते, पण साहेबांची टळत नाही.

खिडक्यांच्या फेरीला मी मागोमाग जातो. परवा तिसऱ्या खिडकीपाशी थांबून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कडी नीट लावली नव्हती. पाहिलं तर खरंच नव्हती. घड्याळजी असते तर पोट धरून हसले असते.

काल मात्र पावाच्या भट्टीवरच्या बोक्याशी त्याची जुंपली. पुढचा उजवा पंजा सुजलाय, अंग तापलंय, खाणं कमी. घाबरायचं कारण नाही. पिशवीत घालून माझ्या खोलीवर नेला आणि तान्ह्या मुलांच्या काट्यावर ठेवला. साडेचार किलो भरला, म्हणजे दोन महिन्यांच्या बाळाएवढा. असली बाळं मी आयुष्यात किती पाहिली असतील. इलाज सुरू आहे.

लेकीला सांग, मामा म्हणतो डाव्या कुशीवर झोप. तुझी ओढाताण होते, पण स्वतःकडेही बघ.

सर्वांस आशीर्वाद, तुला थोडे जास्त.

तुझा,
दादा


१५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इलाज सुरू आहे म्हणजे कोणाचा? दुसऱ्या ओळीत डॉक्टरीणबाईंचं नाव येईल म्हणून वाचत गेले, तर तू लेकीच्या कुशीवर गेलास.

डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलं होतं ते तुला सांगते. त्याचा वरचा ओठ बोटाने हळूच उचल आणि हिरडी बघ. आपल्या ओठाच्या आतल्या बाजूसारखी गुलाबी हवी. पांढरी, निळी, मातकट, कसलीही वेगळी दिसली तर कपडेसुद्धा बदलत बसू नकोस, निघ. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर निघ. लघवीला सारखा जाऊन बसतोय आणि होत नाहीये, तरी निघ. मांजर दुखणं लपवतं, म्हणून आपल्याला दिसतं तेव्हा आधीच उशीर झालेला असतो, असं त्या म्हणाल्या होत्या. मांजरंच कशाला, आपल्या घरातले पुरुषही तसलेच होते.

लेकीचा रक्तदाब काल थोडा उतरला. उलटटपाली कळव. दोनच ओळी लिही, पण त्याच्याविषयी लिही.

तुझी,
बेबी


१६ नोव्हेंबर

चि. बेबीस,
अ. उ. आ.

हे पत्र आधी कशाला तरी टेकून बस आणि मग वाच.

हवालदार गेला. तेरा तारखेला दुपारी चारच्या सुमारास. जखम चिघळली आणि विष रक्तात गेलं. डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं, त्यांनी सुई लावली, प्राणवायू लावला, शर्थ केली. मी तिथेच होतो. तुझ्या मागच्या अंगणात, नळाशेजारी, जिथे तो उन्हाला बसायचा तिथे पुरलंय.

फोन करायला हवा होता. उचलून ठेवला दोनदा. लेक तशी पडलेली, तू एकटी, कसं सांगायचं सुचेना.

स्वतःला लावून घेऊ नकोस. घड्याळजींच्या वेळीही तासाभरात सगळं आटोपलं होतं. तासाभरात माणूस काय करणार? काही गोष्टी आपल्या हातात नसतात, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

टेबल हलवलेलं नाही. जेवत जा.

तुझा,
दादा


२२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा लेकीसाठी पेज ढवळत होते. ती करपली. लेकीला काही सांगितलेलं नाही, धुराने डोळ्यांत पाणी आलंय म्हटलं.

तीन दिवस तुझं पत्र उशाशी घेऊन बसले. दादा, पंजाच्या जखमेने तीन दिवसांत मांजर मरत नाही. नऊ वर्षांत त्याने किती मारामाऱ्या केल्या, कान फाटला, पाय लंगडला, आठवड्यात पुन्हा खिडकीवर. विष रक्तात गेलं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना? मग ते विषच असणार. कोणी घातलं हे सांगायला मला ज्योतिषी नको. घालीन म्हणाली होती, घातलं.

मी शिंपीणबाईंना पत्र टाकलंय. जे मनात होतं ते सगळं लिहिलं. बोलताना मला रडू येतं, लिहिताना येत नाही, त्यामुळे लिहून झालं. घरमालकांनाही लिहिणार आहे, की अशी बाई खाली असताना मी त्या घरात परत येणार नाही. एकतर ती राहील नाहीतर मी. तू डॉक्टरीणबाईंकडून लेखी कागद घे, विषाने गेला म्हणून. तो आला की मालकांचं पत्र टाकते.

रोज संध्याकाळी इथल्या खिडक्या बंद करताना मागे वळून बघते. तुला हसू येईल.

तुझी,
बेबी


२७ नोव्हेंबर

चि. बेबीस,

घरमालकांना लिहू नकोस. लिहिलं असशील तर आजच दुसरं पत्र टाकून पहिलं मागे घे. आधी ते कर, मग पुढे वाच.

काल सकाळी शिंपीणबाई वर आल्या. तुझं पत्र टेबलावर ठेवलं आणि खाली गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पत्र वाचलं. त्यात जे जे तू त्यांना म्हटलं आहेस, ते सगळं माझं आहे.

हवालदाराला विष मी घातलं.

अकरा तारखेला त्याचं अंग तापलं होतं. माझ्या डोक्यात आलं, साडेचार किलोचं बाळ असतं तर मी काय केलं असतं? तापाची साधी गोळी, पॅरासिटामॉल, घराघरात असते ती. वजनाने भाग काढला, खलात घोटली, एका गोळीच्या सात पुड्या बांधल्या. बेबी, पुड्या इतक्या सारख्या झाल्या होत्या की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. म्हटलं, हात अजून शाबूत आहे. माशात कालवून दिवसातून तीन दिल्या. तू नको म्हणाली होतीस. मला वाटलं, बरा झाल्यावर तुला सांगू आणि चिडवू.

बारा तारखेला त्याचं तोंड सुजलं, लाळ गळायला लागली. मी म्हटलं गांधीलमाशी चावली असेल. आणि औषध बंद करायच्या ऐवजी, धरलेला इलाज अर्धवट सोडू नये, असं चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो ते स्वतःला सांगितलं. सातवी पुडी तेराच्या सकाळी गेली. थोड्या वेळाने पाहतो तर तो खणाखाली आडवा, पोटाने श्वास घेतोय. ओठ उचलून हिरडी पाहिली. उकळून उकळून काळपट झालेल्या चहाचा रंग. हिरडी बघायला सांगणारं तुझं पत्र सतरा तारखेला आलं, पण ते मला तेव्हाही कळत होतं. माणसाचे ओठ तसे झाले की काय समजायचं हे मला माहीत आहे.

टोपली घेऊन जिना उतरलो. शिंपीणबाईंनी मशीनवरून पाहिलं, गिऱ्हाईकाचं कापड तसंच टाकलं आणि टोपली माझ्या हातातून घेतली. रिक्षात त्याला मांडीवर त्यांनीच धरलं होतं. ऊठसूट माझ्या कापडावर बसतोस, आता बस की नीट, असं त्याला सारखं म्हणत होत्या.

आता जे लिहितो ते पुड्यांपेक्षा वाईट आहे. डॉक्टरीणबाईंनी दारातच विचारलं, याला काही दिलं आहे का, माणसांचं एखादं औषध? शिंपीणबाई शेजारी उभ्या. त्यांच्या सासूबाईंचं दम्याचं मिक्श्चर माझ्याकडून जातं. बाकावर गल्लीतले आणखी दोघं बसलेले. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी तोंडाची सूज बघून गांधीलमाशीवरची सुई दिली. पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, काही नाही. मग रक्त काढलं, ते तपकिरी निघालं, आणि त्यांनी माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मी बहिऱ्यासारखं केलं. मला कमी ऐकू येतं हे त्या दिवशी उपयोगी पडलं.

दहा वाजता पोचलो होतो. एक वाजता मी त्यांच्या कानाशी जाऊन खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. धावत कपाटाकडे गेल्या, त्या गोळीच्या विषावरचं औषध काढलं, नळी लावली. हात चालवता चालवताच म्हणाल्या की हे आल्या आल्या सांगायला हवं होतं, दहाला दिलं असतं तर निदान झुंज देता आली असती. मांजराच्या शरीरात ती गोळी पचवायची सोयच नसते म्हणे. वजनाचा भाग तिथे लागूच पडत नाही. एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती, ती चूक मी पोटात घालू शकलो असतो. ते तीन तास मला घालता येत नाहीत.

चार वाजता तो शिंपीणबाईंच्या मांडीवर गेला. मी त्याचा बरा पंजा धरला होता. त्याने एकदा मान उचलून दवाखान्याच्या खिडकीकडे पाहिलं.

शिंपीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. गल्लीत अजून कोणालाही सांगितलेलं नाही. मी खोलीवरचा खल आणि काटा उचलून ठेवलाय. लोक येतात, त्यांना म्हणतो, डोळ्यांना नीट दिसत नाही.

लोभ असावा हे लिहायचा अधिकार राहिला नाही. तू परत येशील तेव्हा मी माझ्या खोलीवर गेलेला असेन, किल्ली शिंपीणबाईंकडे ठेवीन.

दादा


१२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला आहे, तो सवयीने नाही. पुसून टाकला होता, पुन्हा लिहिला.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण राग होता. अजून आहे. तुला चांगलं बजावलं होतं. सकाळी उठले की वाटतं तुला एक सणसणीत पत्र लिहावं, आणि दुपारपर्यंत वाटतं तुला कोणी जेवायला घालतंय की नाही. हे दोन्ही रोज होतं. शिंपीणबाईंची माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं, एवढंच, की टोपली धुऊन ठेवली आहे. घरमालकांचं पत्र मी टाकलंच नव्हतं.

आता मी तुला एक गोष्ट सांगते. दोन वर्षं सांगितली नाही आणि जन्मभर सांगणार नव्हते.

ह्यांच्या छातीत तासाभर दुखत नव्हतं, दादा. दुपारी एकला दुकानातच सुरू झालं होतं. घरी आले, म्हणाले पित्त झालंय. त्यांना नेहमी व्हायचं, आणि तुझ्या पित्ताच्या मिक्श्चरची बाटली घरात असायचीच. बाटलीवर तू चिकटवलेली खाचांची पट्टी, एक खाच म्हणजे एक डोस. एक खाच दीड वाजता दिली. घाम यायला लागला, म्हणून तीनला दुसरी. हे म्हणत होते दवाखान्यात जाऊ या का, आणि मी म्हटलं, दर वेळी बाऊ करता, दादाचं औषध लागू पडायला वेळ लागतो. साडेचारला तिसरी. मग त्यांना बसवेना.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, तासाभरापासून. काही औषध दिलं होतं? मी म्हटलं, नाही. चार तास घरी बसवून ठेवलं हे सांगायला तोंड नव्हतं. आणि दुसरं असं, की बाटलीवर तुझं अक्षर होतं. कोणाचं औषध म्हणून विचारलं असतं तर तुझं नाव पुढे आलं असतं. तिथल्या बाकावर तू माझ्या शेजारीच बसला होतास, डोकं धरून. तुला ऐकूही गेलं नसेल.

त्यानंतर तू मला दर महिन्याला सांगत आलास, तासाभरात माणूस काय करणार. तू म्हणायचास आणि मी मान हलवायचे. तुला वाटायचं तू माझी समजूत घालतोयस.

ती बाटली मी टाकली नाही. ह्यांच्या टेबलाच्या खणात, मागे, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली आहे. हवालदार ज्याच्या खाली झोपायचा तोच खण. औषध चांगलं होतं, दादा. उशीर माझा होता. हे तुला आता का सांगते? तुला हलकं वाटावं म्हणून असेल, किंवा एकटीने धरून माझा हात दुखला म्हणून. मला नीट कळत नाही.

किल्ली शिंपीणबाईंकडे ठेवलीस तर याद राख. मी येईन तेव्हा दार तूच उघडायचंस.

लोभ आहे. सध्या दुखरा आहे, पण आहे.

तुझी,
बेबी


१८ डिसेंबर

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा नाही, बरेचदा वाचलं. मग खण उघडला. बाटली मिळाली. तीन खाचा रिकाम्या, बाकी औषध खाली बसून घट्ट झालंय.

तू पट्टीविषयी लिहिलंस, चिठ्ठीविषयी नाही. पट्टीच्या खाली एक चिठ्ठी असते. मी प्रत्येक बाटलीवर लावायचो, चाळीस वर्षं, डॉक्टरांनी पहिल्या दिवशी लिहायला लावली तेव्हापासून. हाताला इतकी सवय झाली होती की काय लिहितोय तेही बघत नसे. शाई फिकी झालीय, पण वाचता येतं. एका डोसाने न थांबल्यास डॉक्टरांस दाखवणे व दिलेले औषध त्यांस सांगणे.

माझंच अक्षर. तू वाचलं नाहीस, मीही वाचलं नाही. हवालदाराच्या पुड्यांवर तर काही लिहिलंच नव्हतं. बांधताना मनात आलं होतं, आणि हसलो होतो, की मांजराला कुठे वाचता येतं.

त्या दिवशी बाकावर मला ऐकू गेलं होतं, बेबी. तासाभरापासून म्हणालीस ते. दुपारी दोनला मी दुकानावरून गेलो तेव्हा ते बंद होतं, म्हणजे दुखणं एका तासाचं नव्हतं, एवढं मला माहीत होतं. विचारायचं धाडस झालं नाही, कारण घरातली पित्ताची बाटली कोणाची हेही माहीत होतं.

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. जे घडलं ते सगळं शिंपीणबाईंच्या आणि बाकावरच्या लोकांच्या देखत पुन्हा सांगितलं, मोठ्याने. गल्लीत आता सगळ्यांना माहीत आहे. दम्याचं मिक्श्चर न्यायला कोणी येत नाही. बरंच आहे ते.

बाटली ओतली नाही. पुन्हा मखमलीत गुंडाळून खणात ठेवली आहे. तू आलीस की नळापाशी बसून दोघं मिळून ओतू. तोवर मी इथेच आहे, संध्याकाळी खिडक्यांच्या कड्या बघतो. तिसरी अजून नीट लागत नाही.

आशीर्वाद देण्याइतकं वय आहे, म्हणून देतो. तू घेत जा.

तुझा,
दादा